जेवणाआधीचा अर्ज

इंग्लंडमध्ये कमी मिळकतीच्या घरातल्या मुलाला शाळेत मोफत जेवण मिळते, पण ते मागावे लागते. आईने किंवा वडिलांनी कौन्सिलकडे किंवा शाळेच्या कार्यालयात अर्ज करायचा, आपले आडनाव, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्सचा क्रमांक द्यायचा आणि आपण पुरेसे गरीब आहोत असा निर्वाळा येण्याची वाट पाहायची. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा सरकारी आधार घेणाऱ्या कुटुंबांसाठी एप्रिल 2018पासून गरिबीची रेषा होती वर्षाला 7,400 पौंड. सरकारी मदत सोडून, कर वजा जाता, निव्वळ कमाई एवढी. महिन्याच्या हिशेबाने 616 पौंड 67 पेन्स. एखाद्या आईने दुकानातल्या कामाचे दोन-चार तास वाढवून घेतले आणि तिची कमाई या आकड्यापलीकडे गेली, की नव्याने अर्ज करताना तिच्या मुलाचे जेवण नाकारले जायचे. ते जेवण विकत घेतले तर एका मुलामागे वर्षाला 500 पौंडांच्या आसपास खर्च येतो. म्हणजे जास्त काम केल्याबद्दल त्या घराचा तोटाच व्हायचा. त्याच वेळी समुद्रापलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये, त्याच राजसत्तेखाली, हीच मर्यादा 14,000 पौंड होती. दोन्हीकडच्या मुलांची भूक सारखीच असताना आकडा मात्र जवळजवळ दुप्पट.

जून 2025मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले की सप्टेंबर 2026पासून इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट मिळणाऱ्या सगळ्या घरांतली मुले मोफत जेवणाला पात्र ठरतील, मग कमाई कितीही असो. यामुळे आणखी पाच लाखांहून अधिक मुलांना हक्क मिळेल असा सरकारचा अंदाज आहे. ही मोठी सुधारणा आहे आणि तिचे मनापासून स्वागत केले पाहिजे. तिथल्या चर्चेत आता भर आहे तो अर्ज सोपा करण्यावर आणि तपासणीची संगणक-व्यवस्था सुधारण्यावर. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे. शाळेतल्या मुलाच्या जेवणासाठी अर्ज मागणे हेच मुळात चूक आहे. अर्ज कितीही सोपा केला तरी ही चूक दुरुस्त होत नाही, कारण दोष त्यातल्या रकान्यांत नाही. मुलाचे ताट आईबापांच्या मागण्यावर अवलंबून ठेवण्यात तो आहे.

हा अर्ज नेमके काय तपासतो ते पाहू. त्यातून सरकारला नवी अशी काहीही माहिती मिळत नाही. कुटुंबाला युनिव्हर्सल क्रेडिट देते ते सरकारच, पगारावरचा कर कापून घेते तेही सरकारच. अर्ज आला की कौन्सिलचा कारकून सरकारी संगणकाला विचारतो आणि तो निवृत्तिवेतन, कर आणि गृहखात्याच्या नोंदी चाळून होय किंवा नाही असे उत्तर देतो. म्हणजे गरिबीचा पुरावा आधीपासून सरकारच्याच कपाटात आहे. मग पालकाने करायचे काय उरते? फक्त मागणे. त्यामुळे या चाळणीत गरिबी तपासली जात नाही, पालकाची ऐपत तपासली जाते. इंग्रजी वाचता येते का, रात्रपाळीनंतर फॉर्म भरायला जीव उरतो का, घरात इंटरनेट आहे का, शाळेच्या कार्यालयात जाऊन ‘आमची मिळकत कमी आहे’ असे सांगण्याची मनाची तयारी आहे का. जे घर सर्वांत जास्त खचलेले, ते या परीक्षेत सर्वांत आधी नापास होते. ब्रिटनच्या शिक्षणखात्यानेच 2013मध्ये काढलेल्या अंदाजानुसार हक्क असलेल्या मुलांपैकी साधारण दहातल्या एकाचे नाव नोंदलेच गेले नव्हते. ही मुले कुणाच्या नकारामुळे उपाशी राहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी कुणी मागितलेच नाही, एवढेच.

काही कौन्सिलांनी यावर स्वतःच तोडगा काढला. शेफील्डने आपल्याकडच्या घरभाड्याच्या आणि कराच्या सवलतीच्या नोंदी शाळेच्या पटाशी ताडून पाहिल्या आणि पात्र मुलांची नावे आपणहून नोंदवली. पालकांना पत्र गेले ते असे, की तुमच्या मुलाला जेवण मिळणार आहे, नको असेल तर कळवा. मागण्याचे ओझे त्यांनी नागरिकाच्या खांद्यावरून उचलून कचेरीच्या खांद्यावर ठेवले. इतर काही कौन्सिलांनी हाच मार्ग धरला. तंत्रज्ञान अडत नव्हते, पैसाही फारसा लागत नव्हता. मग देशभर हे इतकी वर्षे का झाले नाही, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

ब्रिटनमध्ये शाळेतल्या जेवणाचा पहिला कायदा 1906चा. बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेल्या तरुणांची शरीरे इतकी खंगलेली निघाली की राज्यकर्ते हादरले. 1904मध्ये शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला. दुसऱ्या बाजूने ब्रॅडफर्डसारख्या गिरण्यांच्या गावात मार्गारेट मॅकमिलन आणि फ्रेड जोएट ही मंडळी उपाशी मुलाला शिकवणे ही क्रूरता आहे असे तळमळीने सांगत होती. कायद्याने नगरपालिकांना जेवण देण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. 1907मध्ये ब्रॅडफर्डच्या ग्रीन लेन शाळेत चाळीसेक गरीब मुलांना काही महिने सकाळ-दुपार जेवू घालून दर आठवड्याला त्यांची वजने घेतली. जेवण चालू असताना वजने भराभर वाढली आणि मधल्या सुट्टीच्या आठवड्यात लगेच घसरली. त्या आलेखातली ती घसरण मला फार बोलकी वाटते. 2020च्या उन्हाळ्यात फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने सुट्टीतही मुलांना जेवण मिळावे म्हणून खासदारांना जाहीर पत्र लिहिले आणि सरकारला निर्णय बदलायला लावला. 113 वर्षांपूर्वी ब्रॅडफर्डच्या वजनकाट्याने सांगितलेली गोष्टच तो पुन्हा सांगत होता.

पण 1906च्या कायद्यातले एक कलम फारसे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे. त्या काळी इंग्लंडात गरिबांच्या कायद्याखाली मदत घेणारा माणूस मतदानाचा हक्क गमावत असे. सरकारकडून भाकरी घ्या आणि नागरिकत्वाचा एक तुकडा परत द्या, असा तो सौदा होता. 1906च्या कायद्याने स्पष्ट लिहिले की मुलाने शाळेत जेवण घेतले आणि बापाला त्याचे पैसे भरता आले नाहीत, तरी त्याचा मताधिकार किंवा दुसरा कुठलाही हक्क जाणार नाही. या कलमाने किती जणांचे पित्त खवळले! कायद्याचे मोठे पंडित ए. व्ही. डायसी यांनी 1914मध्ये जाहीर आक्षेप घेतला, की ज्याच्या मुलाला सरकार जेवू घालते त्या बापाने पार्लमेंटचा सभासद निवडण्यात भाग का घ्यावा? धर्मादाय संस्थांचे पुढारी म्हणत होते की शाळेने मुलाला जेवू घातले तर बाप आळशी होतील, कुटुंबसंस्था मोडेल.

डायसींचे म्हणणे आज कुणी उघडपणे मांडणार नाही. पण मुलाला जेवण हवे असेल तर आधी बापाने आपली उणीव कबूल करावी, हा विचार कायद्याच्या पानांवरून हटला आणि फॉर्मच्या पानावर येऊन बसला. 1944च्या शिक्षण कायद्याने जेवण पुरवणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले, त्या पिढीत ते जवळजवळ साऱ्या शाळांचे जेवण झाले. 1980च्या कायद्याने ते कर्तव्य फक्त पात्र मुलांपुरते उरवले आणि पोषणाचे निकषही काढून टाकले. 1988पासून पात्रता आणखी आवळली. प्रत्येक टप्प्यावर पंगत लहान होत गेली आणि चौकशी मोठी होत गेली. सगळ्यांची गोष्ट ‘त्यांची’ गोष्ट झाली, की तिचा दर्जाही उतरणीला लागतो. समाजधोरणाचे अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी फार पूर्वी सावध केले होते की फक्त गरिबांसाठी काढलेल्या सेवा निकृष्ट होत जातात, कारण ज्यांच्या तक्रारीला वजन असते त्यांची मुले तिथे नसतात. पुढे 2005 साली जेमी ऑलिव्हर या आचाऱ्याने दूरचित्रवाणीवर शाळांतल्या ताटांचे हाल दाखवले तेव्हा देशाला धक्का बसला. पण निकषच पंचवीस वर्षांपूर्वी मोडीत काढलेले, मग ताटात दुसरे काय दिसणार होते?

यावर नेहमीचा आक्षेप असा की श्रीमंताच्या मुलाला सरकारने का जेवू घालावे? तो पैसा गरिबाला दुप्पट द्या. हा आक्षेप वरवरचा नाही. तिजोरी मर्यादित असते आणि तिच्यातला प्रत्येक रुपया किंवा पौंड कुठून तरी काढून घेतलेला असतो. त्याचे पहिले उत्तर अमर्त्य सेन यांनी 1990च्या दशकात नीट मांडून ठेवले आहे: गरीब नेमके वेचून काढण्याला स्वतःची किंमत असते. चुकीची माहिती, तपासणीचा कर्मचारीवर्ग, रेषेजवळच्या माणसाने कमाई वाढवायला कचरणे, आणि पदरी येणारी मानहानी. निवड करून वाचवलेल्या पैशातला बराचसा निवड करण्यातच जातो आणि वर खरा गरजू सुटतो तो वेगळाच. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. श्रीमंताकडून घ्यायचे ते करातून घ्यावे, तिथे त्याच्या मिळकतीचा हिशेब व्हायलाच हवा. शाळेच्या भोजनगृहात आठ वर्षांच्या मुलाच्या ताटावर तो हिशेब मांडू नये. वर्गातला फळा, बाक, ग्रंथालयातले पुस्तक यांसाठी आपण कुणाची मिळकत विचारत नाही. दुपारचे जेवण हाही शिकण्याचाच भाग आहे, कारण रिकाम्या पोटी तिसऱ्या तासानंतर डोक्यात काही शिरत नाही हे कुठलाही शिक्षक सांगेल.

फिनलंडने हे 1943मध्ये कायदा करून ठरवले. 1948पासून तिथे सगळ्या मुलांना शाळेत मोफत जेवण आहे, आणि तेव्हा तो युद्धाने पिळून निघालेला गरीब देश होता. स्वीडनमध्ये 1959 ते 1969 या काळात असेच जेवण टप्प्याटप्प्याने सुरू झाले. त्या पिढीच्या पुढच्या आयुष्याचा माग काढणाऱ्या अर्थतज्ज्ञांना आढळले की प्राथमिक शाळेची सगळी वर्षे हे जेवण मिळालेल्यांची आयुष्यभराची मिळकत सुमारे 3 टक्क्यांनी जास्त होती. सर्वांत जास्त फायदा गरीब घरांतल्या मुलांना झाला, पण उंची आणि आरोग्य इतरांचेही सुधारले.

खुद्द ब्रिटनही तुकड्यातुकड्याने त्याच दिशेला चालले आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2014पासून पहिल्या तीन इयत्तांतल्या सगळ्या मुलांना, वेल्समध्ये 2022 ते 2024 या काळात सगळ्या प्राथमिक वर्गांना आणि लंडनमध्ये सप्टेंबर 2023पासून महापौर सादिक खान यांच्या निर्णयाने सर्व सरकारी प्राथमिक शाळांना मोफत जेवण मिळू लागले. हॅरो किंवा हाउन्स्लोमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी अभियंत्याचा मुलगा आणि त्याच वर्गातला, विमानतळावर सफाई करणाऱ्या बाईचा मुलगा आज एकाच रांगेतून तेच जेवण घेतात. सरकारी मदतीवर हक्क नाही असा शिक्का व्हिसावर असलेल्या कुटुंबांना पूर्वी या जेवणापासून बहुतांशी वगळले जाई. 2022मध्ये त्यांना कायमची वाट मिळाली खरी, पण मिळकतीची अट आणि कागदपत्रे यांतूनच. लंडनच्या प्राथमिक शाळेत हा प्रश्नच उरत नाही. वर्गात आहेस ना, मग बस जेवायला.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2011पासून इंग्लंडमध्ये शाळेला गरीब मुलामागे जादा अनुदान मिळते, त्याला ‘प्युपिल प्रीमियम’ म्हणतात. गेल्या सहा वर्षांत ज्या मुलाचे नाव मोफत जेवणासाठी कधीतरी नोंदले गेले, त्याच्यामागे ही रक्कम येते. जेवण सगळ्यांना मिळू लागले की पालक अर्ज करीत नाहीत, आणि शाळेचे अनुदान बुडते. म्हणून मुख्याध्यापक पालकांना विनवतात: जेवण मिळतेच आहे, तरी कृपा करून फॉर्म भरा. अर्जाचे समर्थक म्हणतात, पाहा, अर्ज नसेल तर गरिबांची गणतीच होणार नाही. गणती हवी हे खरे. गरीब वस्तीतल्या शाळेला जास्त शिक्षक, जास्त पैसा मिळालाच पाहिजे. पण ही गणती जेवणाच्या मागणीवर टांगायची कशाला? जी माहिती कर आणि कल्याण खात्यांच्या नोंदींत आहे, ती शाळानिहाय आकड्यांच्या रूपात शिक्षणखात्याला देता येते. एका सोयीसाठी जोडलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करणे अवघड काम आहे, अशक्य नाही.

मराठी वाचकाला हे सारे काहीसे परके वाटेल, कारण या एका बाबतीत आपला देश इंग्लंडच्या पुढे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजते, मुले ओळीने बसतात आणि कुणाच्या बापाला उत्पन्नाचा दाखला आणावा लागत नाही. हे आपोआप झालेले नाही. तमिळनाडूत कामराजांनी 1950च्या दशकात आणि एम. जी. रामचंद्रन यांनी 1982मध्ये पाया घातला. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची योजना आली तेव्हा बहुतेक राज्यांनी अन्न शिजवलेच नाही. 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो धान्य घरी न्यायचे, एवढेच चालले. 2001मध्ये राजस्थानातल्या पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने गोदामे भरलेली असताना माणसे उपाशी का, असे विचारत सर्वोच्च न्यायालय गाठले. 28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने आदेश दिला: प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण, किमान 300 उष्मांकांचे, वर्षातून किमान 200 दिवस. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क आठवीपर्यंत कायम केला. या जेवणाचा परिणाम पुढच्या पिढीतही दिसतो. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की ज्या बायांना लहानपणी शाळेत जेवण मिळाले होते त्यांच्या मुलांमध्ये उंची खुंटण्याचे प्रमाण कमी होते.

सगळ्यांसाठी म्हटले म्हणजे समता आपोआप येते, असा दावा मी करणार नाही. आपल्याकडे पंक्तिप्रपंच जुना आहे. दलित बाईने रांधलेले अन्न मुलांनी खाऊ नये म्हणून पालकांनी शाळेवर चालून जाण्याचे प्रकार अनेक राज्यांत घडले. म्हणूनच एप्रिल 2004मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगावे लागले. आणि रांधणाऱ्या बाईला आपण देतो काय? केंद्राने 2009मध्ये तिचे मानधन महिन्याला 1,000 रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. राज्ये त्यात भर घालतात, तरी शेकडो मुलांसाठी धुरात उभ्या राहणाऱ्या बाईला मजुरीइतकेही पडत नाही. तिला न्याय दिल्याशिवाय या योजनेचा अभिमान बाळगणे मला जड जाते. पण या अन्यायांविरुद्ध लढता येते, कारण हक्क प्रत्येक मुलाचा आहे. जात पाहून वाढणाऱ्याला कायदा दाखवता येतो. अर्ज न केलेल्या मुलाच्या बाजूने कायदा काहीच बोलत नाही.

आणि अर्ज आपल्याकडेही मागच्या दाराने येऊ पाहतो. फेब्रुवारी 2017मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की शालेय जेवणासाठी आधार क्रमांक किंवा त्याच्या नोंदणीचा पुरावा द्यावा लागेल. गदारोळ झाला, आधार नाही म्हणून कुणाचे जेवण अडणार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. पुढे सप्टेंबर 2018च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही आधार नसल्यामुळे कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही असे बजावले. तेव्हा आपण थोडक्यात वाचलो. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडहून कोल्हापूरकडे गेलेल्या, दुसऱ्याच गावच्या शाळेत चार महिने बसणाऱ्या पोराकडे कार्ड असते की नसते, त्यावरचा जन्मदिनांक पटाशी जुळतो की नाही, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या अधिसूचनेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

शिवाय आपल्या कायद्यातच दोन भगदाडे आहेत. शिक्षणहक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांवर खासगी विनाअनुदानित शाळेत गेलेले गरीब मूल या जेवणाच्या बाहेर आहे, कारण हक्क फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे. महाराष्ट्रात दुर्बल घटकातून ही जागा मिळवायला वर्षाला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणजे बापाने सेतू केंद्राच्या आणि तहसीलच्या खेपा आधीच घातलेल्या असतात. गरिबी सिद्ध करून मिळालेल्या शाळेत ते मूल गेले, की गरिबीमुळे मिळू शकणारे ताट सुटते आणि मधल्या सुट्टीत ते इतरांच्या डब्यांशेजारी आपला डबा उघडते.

दुसरे भगदाड नववीचे. पाचवी ते दहावीच्या अनुदानित विद्यालयात आठवीचे मूल मार्च-एप्रिलपर्यंत जेवते आणि जूनमध्ये नववीत बसले की त्याचे ताट बंद होते. शाळा तीच, स्वयंपाकघर तेच, रांधणारी मावशीही तीच. शरीर सर्वांत वेगाने वाढते ते याच वयात, मुलींच्या अंगात रक्त कमी पडते ते याच वयात, आणि घरची ओढाताण असेल तर पोराला कामाला लावण्याचा विचार घरात येतो तोही इथेच. तमिळनाडूने ही मर्यादा ओलांडून केव्हाच दहावीपर्यंत जेवण नेले. त्यासाठी कुठला दाखला मागितला नाही, कुठली नवी यादी केली नाही. महाराष्ट्राला नववी-दहावीची पटसंख्या शाळाशाळांतून कळते, तांदूळ आणि चूल त्याच आवारात आहेत. केंद्राचा कायदा आठवीवर थांबतो, तो राज्याला पुढे जायला मनाई करीत नाही. पुढच्या अर्थसंकल्पात या दोन इयत्तांसाठी तरतूद मागायला आमदारांच्या दारी जाण्याचे काम आता पालकसभांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी हाती घ्यावे.